वळणावरचा आनंदराज

आनंदराज सोनकांबळे मूळचा कंधारचा. वीसेक वर्षं झाली, मोटारसायकलींच्या शर्यतींवर पेपरात लिहितो. एक पुस्तक निघालंय, दुसरं निघायच्या बेतात आहे. स्वतःला मात्र स्कूटरसुद्धा येत नाही. शर्यत कुठंही असो, गडी एसटीनं जातो.

शर्यत संपते तिथं फोटोवाल्यांची झुंबड असते. आनंदराज तिथं कधीच नसतो. ट्रॅकवरचं सगळ्यात वाईट वळण हुडकून तो त्याच्या काठाला धूळ खात उभा राहतो. जिंकलं कोण ते कुणीही सांगतं. माणूस भ्याल्यावर काय करतो ते वळणावरच दिसतं, असं त्याचं म्हणणं. पुण्या-नाशकाचे रायडर कप घरी ठेवतात आणि त्याच्या लेखाचं कात्रण पाकिटात.

त्याचा एक नेम आहे. शर्यतीत जीव गेलेल्या गड्यावर लिहिलेलं त्याच्या घरी वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही.

उदगीरचा सुदर्शन मागच्या हिवाळ्यात असाच एका शर्यतीत, वळणावर गेला. त्याच्याच गॅरेजातल्या शरणप्पानं कट मारला, असं गल्लीनं ठरवून टाकलं होतं. सुदर्शनच्या आईच्या, तुळजाबाईच्या हातचं खाऊन वाढलेला शरणप्पा त्या दिवसापासून गल्ली टाळून जायचा. आनंदराज मात्र वळणावर होता. शरणप्पा सरळ होता; घाई सुदर्शननं केली होती. नव्या पुस्तकात त्यानं तसंच लिहिलं होतं. उदगीरला जाताना एसटीत मी, त्याचं पुस्तक छापणारा, त्याला म्हणालो, हा भाग गाळला तरी पुस्तकाचं काही अडत नाही. त्यानं तोच भाग काढून पुन्हा वाचायला घेतला.

'तुमच्या लेकाचं वाचायला येतो' असा त्याचा निरोप होता. तुळजाबाईनं अंगण सारवून चौरंग मांडला होता, समई लावली होती. पदर घेतलेल्या बायका, टोप्या घातलेले म्हातारे, सगळी गल्ली पोथीला बसावी तशी बसलेली. आनंदराज उंबऱ्यातच थबकला.

"माय, ही पोथी न्हाई. शर्यतीचं हाय."

"माझ्या लेकराचं हाय न्हवं? मग वाचा."

शेजारचे महादेवप्पा म्हणाले, लवकर वाचा सर, शिरा निवून राहिला.

सुदर्शनच्या पोरपणाच्या उचापतींना गल्ली हसली. मग वळण आलं. आनंदराजचा आवाज बारीक झाला नाही, घाईही झाली नाही. वळण ऐकून महादेवप्पा ताडकन उठले. सर परक्याची बाजू घेऊन राहिले म्हणाले.

"बसा अप्पा," तुळजाबाई म्हणाली. "अध्याय अर्धा टाकून उठत न्हाईत."

अप्पा बसले. शेवटचं पान झालं.

"तुमी तितंच हुता?" तिनं विचारलं.

"हाव माय. वळणावरच."

"शरणप्पा सरळ हुता?"

"सरळ हुता."

तिनं पदरानं तोंड पुसलं. पानांच्या कडेला हळदीकुंकवाचं बोट लावलं, आत गेली आणि शिऱ्याचा डबा भरून घेऊन आली.

"शरणप्पाला द्या. म्हणावं, आजच्यापुरता पोचवला. उद्या रिकामा डबा द्यायला त्यानंच यायचं."

गॅरेजपर्यंत रिक्षा मिळत होती. आनंदराज चालत निघाला, डबा दोन्ही हातांत धरून. मी त्याच्या मागं मागं.