दोन थेंब पाणी

अंधेरीच्या पूर्वेला खाणीजवळच्या झोपड्या जळाल्या, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. वाचलेली माणसं आमच्या चर्चच्या शाळेत आणून ठेवली. बाकं अंगणात गेली, वर्गांत चटया आल्या. चर्चच्या महिला मंडळातल्या आम्ही सात-आठ जणी सकाळपासून तिथंच. लोक म्हणायचे, काय पुण्याचं काम! डोंबलाचं पुण्य. पेजेत मीठ कोणी घालायचं यावरून आमच्यात रोज जुंपायची, आणि जळक्या कातडीच्या वासानं मी दोनदा विहिरीमागे जाऊन ओकले होते.

शेवटचा वर्ग माझ्याकडे होता. तिथं मालवणकडची एक बाई होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी. नवरा गिरणीत कामाला. तो भाजून इस्पितळात पडलेला. तिच्यापाशी दीड वर्षाचा मुलगा, छातीपासून खाली नुसत्या पट्ट्या. डॉक्टर येऊन पट्ट्या बदलायचे आणि जाताना माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवायचे.

पहिले दोन दिवस ती आमच्या हातचं पाणी प्यायली नाही. किरिस्तावांचं ना ते! माझं डोकंच फिरलं. "मग मर तहानेनं," मी तिच्या तोंडावर म्हणाले. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून पेला पुढे केला, तेव्हा मला माझीच लाज वाटली.

चौथ्या दिवशी दुपारी निरोप आला: नवऱ्याचं काही खरं नाही, ताबडतोब या. ती एकदा दाराकडे जाई, एकदा पोराकडे. शेवटी तिनं माझे दोन्ही हात धरले.

"बाय, मी जावन येतंय. तसा काय झालाच, तर माझ्या झिलाच्या तोंडात दोन थेंब पाणी घाल गो. कोरड्या तोंडान धाडू नको तेका."

"घालीन," मी म्हणाले.

"देवाशपथ?"

"देवाशपथ."

तासाभरात पोराला घरघर लागली. मी पेला भरून आणला, आणि तिथंच माझी मती फिरली. लहानपणापासून आम्हाला घोकून घेतलेलं होतं, बाप्तिस्मा न झालेलं मूल मरायला टेकलं आणि पाद्री जवळ नसला, तर कोणीही बाप्तिस्मा द्यावा. कपाळावर पाणी ओतायचं, शब्द म्हणायचे, की आत्मा वाचला. मूल कोणाचं, आईला विचारलं का, काही डोक्यात आलं नाही. हात आपले आपण चालले. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं, तीनदा ओतून मी अख्खा पेला त्याच्या कपाळावर रिकामा केला.

पाणी गालावरून ओघळलं, तशी त्यानं जीभ बाहेर काढली. इकडून तिकडे फिरवली. पाणी शोधत होता तो. अरे देवा! मी उठले आणि व्हरांड्याच्या टोकाला माठ होता तिकडे धावत सुटले. परत आले तेव्हा जीभ तशीच ओठांवर होती, आणि श्वास थांबला होता.

मंडळाच्या प्रमुख मावशींना मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या कपाळाचा मुका घेतला. "रडतेस काय, वेडे? एक आत्मा सरळ स्वर्गात पोचवलास!" बाकीच्यांनी क्रूसाची खूण केली. कोणीतरी माझ्या हातात चहा दिला. माझं इतकं कौतुक आयुष्यात पुन्हा कधी झालं नाही, आणि मला तिथं एकेकीच्या झिंज्या उपटाव्याशा वाटत होत्या. सगळ्यांत आधी माझ्या स्वतःच्या.

संध्याकाळी ती आली, जवळजवळ पळतच. नवऱ्यानं डोळे उघडले होते, तेच सांगायला निघाली असणार. दारातच तिला पोराच्या तोंडावर ओढलेलं फडकं दिसलं. ती येऊन बसली, फडकं बाजूला केलं आणि बोटानं त्याच्या ओठांची कड पुसली.

"पाणी घातलंस तोंडात?"

"हो."

"गिळल्यान?"

खरं सांगायला हवं होतं. माझी छाती झाली नाही.

"गिळलं," मी म्हणाले. "दोनदा गिळलं. मग आणखी मागितलं, तेही दिलं."

तिनं माझा उजवा हात उचलून आपल्या डोळ्यांना लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. मी तो काढून घेतला नाही.