लातूरचा पाय, नांदेडचा पाय

माझ्या दादाला मी सगळ्यात जास्त कशावरून बोलले असेन तर गाडीवरून. गाडी म्हणजे मोटारसायकल, आणि तीही शर्यतीची. तो लातूरच्या मैदानावर शर्यती मारायचा आणि मी घरी भांडी आपटायचे. घरात आम्ही दोघंच. औसा तालुक्यातलं आमचं गाव भूकंपात भुईसपाट झालं, त्यात आई-बाबा गेले. दादा लातूरला गॅरेजात कामाला होता. गणपती विसर्जनासाठी उस्तादांची गाडी मागून गावी आला होता, म्हणून वाचला आणि मीही वाचले. त्यानं मला दगडामातीतून ओढून काढलं, आईच्या लुगड्यानं स्वतःच्या पाठीला बांधलं आणि त्या गाडीवरून दवाखान्यात आणलं. त्यानंतर मला जगात तो एकच उरला होता. तो हेल्मेट घेऊन निघाला की माझं डोकं फिरायचं. "तुला काही झालं तर मी कुणाच्या दारात जाऊ?" असं मी रोज विचारायचे. तो म्हणायचा, "लई बोलून राहिलीस तायडे. भाकरी वाढ."

उस्ताद म्हणजे त्याला गाडी खोलायला आणि चालवायला शिकवणारे म्हातारे मेकॅनिक. गंजगोलाईच्या बाजारपेठेमागं त्यांचं गॅरेज होतं, आणि गॅरेजामागची खोली त्यांनी आम्हाला राहायला दिली होती. ईदला त्यांच्या घरून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला मी चकल्या बिघडवून त्यांच्याकडं पाठवायचे आणि ते त्या खायचेही. लातूरच्या शर्यती त्यांनीच सुरू केलेल्या. औसा रोडला एक पडीक मैदान होतं, तिथं महिन्याकाठी शर्यत व्हायची, वर्षभराचे गुण जोडून शेवटी एक जण पहिला यायचा. गाड्या फक्त जड, जुन्या. त्या गाड्यांची एक गोष्ट सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. त्यांचा गिअर उजव्या पायात असतो आणि ब्रेक डाव्या पायात.

नांदेडच्या शर्यती वेगळ्या. तिथं हलक्या, टू-स्ट्रोक गाड्या, धूर सोडत किंचाळत जाणाऱ्या. त्यांचा गिअर डाव्या पायात, ब्रेक उजव्या पायात. बरोबर उलटं. लातूरवाले त्यांना डास म्हणायचे, ते लातूरवाल्यांना म्हशी म्हणायचे. दोन्हीकडचे एकमेकांना पाण्यात पाहायचे. लातूरचा एखादा नांदेडच्या वाटेवरच्या लोहा गावच्या बाजारात नांदेडवाल्याबरोबर चहा पिताना दिसला तरी इकडं चर्चा व्हायची.

उस्तादांचा एकच कायदा होता. जो नांदेडला शर्यत मारेल, त्यानं लातूरच्या मैदानावर परत यायचं नाही. लोकांना वाटायचं, म्हातारा जळतो. पण ते कारण उघड सांगायचे. "मातीत हाताचा ब्रेक दाबला की पुढचं चाक सटकतं. सगळी भिस्त पायावर. आणि पाय एकदा गोंधळला की गोंधळला. ऐन वक्ताला तो विचारायला थांबत न्हाई." दादा हे ऐकून हसायचा. म्हणायचा, उस्तादांना बहाणा पाहिजे.

मग लातूरला क्लासेसचं वारं आलं. बघता बघता शहरभर पाट्या लागल्या, निलंग्याची, मुखेडची, कुठकुठली पोरं-पोरी ट्रंका घेऊन उतरू लागली. मीही अकरावीला सायन्स घेतलं आणि एका क्लासला जाऊ लागले. औसा रोडच्या मैदानाच्या एका अंगाला वसतिगृह उभं राहिलं, मग दुसऱ्या अंगाला. रविवार हा शर्यतीचा वार, आणि क्लासवाल्यांचा परीक्षेचा वारही तोच. मी स्वतः एका रविवारी भौतिकशास्त्राचा पेपर लिहीत होते आणि खिडकीतून त्या गाड्यांचा आवाज येत होता. शेजारची मुलगी कानात बोटं घालून रडकुंडीला आली होती. मी खाली मान घातली. त्यातली एक गाडी माझ्या भावाची होती हे मी तिला कशाला सांगू?

तक्रारी वाढल्या. शर्यती दोन-दोन महिने होईनात. दादाचं वय वाढत होतं आणि तो नुसता गाडी पुसत बसायचा. त्याच सुमारास नांदेडवाल्यांनी निरोप धाडला. आमच्याकडं ये, गाडी आम्ही देतो. वर्षअखेर पहिला आलास तर पुण्याची एक कंपनी तुला आपल्या टीममध्ये चाचणीला बोलावणार आहे. दादानं दोन घासांत जेवण उरकलं आणि मला म्हणाला, "मी चाललो."

"आणि उस्ताद?"

"सांगतो त्यांना."

सांगितलंच त्यानं. मी दाराआड उभी होते. उस्ताद हातातला पाना पुसत राहिले. ओरडले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. "जा बेटा. तुझं नसीब तिकडं असंल तर मी कोण अडवणारा? पण मग इकडं यायचं न्हाई. तुझ्यासाठी कायदा बदलला तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू?" खोली मात्र सोडा म्हणाले नाहीत. मला त्यांचा तेव्हा भयंकर राग आला होता, आणि दादाचा त्याहून जास्त.

त्यानंतर दादानं जे केलं ते बघण्यासारखं होतं. त्यानं जुन्या गाडीला हात लावणं बंद केलं. बाजारालाही सायकलवर जायचा. जेवताना मांडी मोडून, पाय पुढं सोडून बसायचा आणि डावा पंजा वरखाली करायचा, गिअर टाकल्यासारखा. उजवा पाय दाबायचा. मी आमटी वाढता वाढता म्हणायचे, "ताटाला लाथ लागंल हां." तो ऐकायचाच नाही. बोलताना, दाढी करताना, एसटीत बसल्या बसल्या, सतत पाय चालू. दोन-तीन महिन्यांत पाय खरंच फिरले. तो नांदेडला जिंकू लागला. आणि लातूरला त्याच्याशी बोलणारं कुणी राहिलं नाही. ज्यांच्या गाड्या त्यानं रात्रंदिवस दुरुस्त केल्या होत्या ते समोरून आले की रस्ता बदलायचे. फितूर, असा शब्द मी किराणा दुकानात माझ्या कानांनी ऐकला. दुकानदाराला जे बोलायचं ते बोलून आले, साखर न घेताच.

वर्षाच्या शेवटच्या शर्यतीला मी नांदेडला गेले. तोवर कधीच गेले नव्हते. गोदावरीच्या अंगाला मैदान होतं, कडेनं दोर बांधलेले, ऊन रणरणतं. दादा पहिला आला की पुणं. हे मला माहीत होतं आणि माझं मन थाऱ्यावर नव्हतं. तो जिंकावा असं वाटत होतं, आणि जिंकला की तो आणखी जोरात गाड्या हाणणार, हेही कळत होतं. तो पुढंच होता. शेवटच्या फेरीत, वळणावर, एक फेरी मागं पडून त्याच्यापुढं रेंगाळलेली एक गाडी आडवी पडली.

त्याच्या उजव्या पायात ब्रेक होता. त्यानं डावा पाय दाबला.

वर्षभर शिकवलेले पाय त्या एका क्षणात लातूरला परत गेले. गाडी थांबलीच नाही. दोर तोडून बाहेर गेली, उलटली, आणि त्याचा डावा घोटा तिच्याखाली सापडला. बाकी कुणाला लागलं नाही, एवढी मेहेरबानी. मी धावले तेव्हा तो शुद्धीवर होता. पायाकडं बघत नव्हता. म्हणत होता, "मला माहीत होतं गं. मला माहीत होतं कोणता दाबायचा."

घोटा जुळला, पण पंजा वर उचलेना. डॉक्टर म्हणाले, चालता येईल, पळता येणार नाही. हलक्या गाडीचा गिअर पंज्यानं वर उचलावा लागतो. म्हणजे नांदेड संपलं, पुणं संपलं. मला वाटलं, चला, सुटलो. पण दादा डोकं खाजवत बसला आणि एका सकाळी म्हणाला, "जड गाडीचा गिअर उजव्या पायात हाय. डाव्यानं नुसता ब्रेक दाबायचा. तेवढं होतंय माझ्यानं." त्याला आता फक्त लातूरचीच गाडी चालवता येणार होती. आणि लातूरचं मैदान त्याला बंद होतं.

तो लंगडत उस्तादांपुढं जाऊन उभा राहिला. मी मागं. त्यानं आयुष्यात कुणापुढं हात जोडलेले मी पाहिले नव्हते. भूकंपानंतर सरकारी पत्र्याच्या शेडसाठीही नाही. तो म्हणाला, "उस्ताद, गाडी सोडून मला दुसरं काही येत न्हाई. एक डाव मला परत घ्या."

उस्तादांनी त्याच्या लंगड्या पायाकडं पाहिलं. मग म्हणाले, "मैदानावर ये. पाय काय म्हणतो ते बघू."

सकाळची वेळ होती. मैदानाच्या तिन्ही बाजूंना आता वसतिगृहांच्या भिंती आल्या होत्या. दादा जुन्या जड गाडीवर बसला, किक मारली आणि फेऱ्या घेऊ लागला. सुरेख चालवत होता, खोटं कशाला बोलू. त्याच्या चेहऱ्यावर रंग आला होता. माझ्या शेजारी उभे असलेले उस्ताद मैदानात चालू लागले. मला वाटलं, त्याला थांबवायला निघाले. वळणाच्या अलीकडं ते सरळ त्याच्या वाटेत जाऊन उभे राहिले.

दादाचा उजवा पाय खाली गेलेला मी पाहिला. उजवा. नांदेडचा. ब्रेक लागायच्या ऐवजी गिअर पडला, गाडी हिसका देऊन पुढंच आली. त्यानं तिला अंगावर घेऊन आडवं पाडलं. गाडी घासत घासत उस्तादांच्या पायांपासून हातभर अंतरावर थांबली. म्हातारा जागचा हलला नव्हता.

दादा उठला, अंगावरची माती झटकली. कोपर फुटलं होतं. उस्ताद म्हणाले, "बेटा, आता तुझा कोणताच पाय तुझा न्हाई."

आणि मी, जन्मभर त्याच्या गाडीच्या नावानं बोटं मोडणारी, त्या दोघांच्या मधे गेले. त्याचा तो चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "उस्ताद, एका वेळेचं काय धरता? तो घाबरला. अजून एकदा बघा. शिकतील पाय परत."

दादानं माझ्याकडं पाहिलं. "आणि वाटंत कोण उभं राहणार? तू राहशील?"

"हाव. राहते."

मी गेले आणि वळणाच्या अलीकडं जाऊन उभी राहिले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. दादानं गाडी उभी केली, तिच्यावर बसला. मी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी होते. त्यानं किकवर पाय ठेवला. ठेवला आणि तसाच राहिला. वसतिगृहाच्या खिडकीतून कुणीतरी मोठ्यानं सूत्रं पाठ करत होतं.

मग त्यानं वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला आणि खाली उतरला.

"चल घरी," म्हणाला. "तुझा क्लास हाय."

गाडी आम्ही दोघांनी ढकलत नेली.