हिरडी आधी, दात नंतर

मला लेख लिहायची हौस नाही. पण डॉ. सुधाकर साळवे यांच्या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी आलेले लेख समितीने मला वाचायला दिले. प्रत्येक लेखात डॉक्टर देवमाणूस आहेत; तिसगावच्या रशीदभाईंचं नाव एकातही नाही. म्हणून लिहिणं भाग पडलं.

डॉक्टरांची पहिली भेट नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची, नगरच्या सावेडीतल्या त्यांच्या नव्या दंतदवाखान्यात. मी नोकरीच्या मुलाखतीला गेले होते. माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि हातात ब्रश दिला. "घासून दाखवा." मी दाखवलं. "दात छान घासता. हिरड्या कोण घासणार?" दुसऱ्या दिवसापासून मी कामावर होते, आणि पुढे प्रत्येक रुग्णाची ही परीक्षा मीच घेऊ लागले.

हिरड्यांचे विकार हा डॉक्टरांचा विषय. हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याचं तंत्र तेव्हा नगरला नवं होतं. लोक नवा दात मागायला येत आणि डॉक्टर हलणारा जुनाच वाचवायला बसत. मिशरी सुटल्याशिवाय ते नव्या दाताचं नाव काढू देत नसत.

रशीदभाई बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. वरचे पुढचे दोन दात हिरड्यांच्या दुखण्यानं गेले. क्लॅरिनेट नेमकं त्याच दातांना टेकतं, आणि कवळी फुंकताना निसटायची. डॉक्टरांनी स्क्रू बसवले, हिरडी शिवली आणि हाड स्क्रूला घट्ट धरेपर्यंत काही महिने वाजवायचं नाही, असं बजावलं. लग्नसराई लागली आणि रशीदभाईंनी वाजवलं. एक स्क्रू हलू लागला, काढावा लागला.

मी त्यांना चांगलंच सुनावलं. ते मान खाली घालून म्हणाले, "बाई, बँडचा मास्तर म्हनला, वाजवायचं नसंल तर दुसरा बघतो. मी काय करनार हुतो?"

डॉक्टर आतून ऐकत होते. "रशीदभाई, वाजवू नका एवढंच मी म्हणालो. मग करायचं काय, तेही सांगायला पाहिजे होतं."

त्या रविवारी डॉक्टर स्वतः तिसगावला जाऊन बँडमास्तरांना भेटले. हाड भरेपर्यंत यांना काढू नका, दुसरं काहीतरी वाजवायला द्या, एवढंच मागणं. मास्तरांनी खुळखुळा दिला. तो सबंध हंगाम रशीदभाई वरातीत खुळखुळा हलवत चालले. पोरं विचारत, "चाचा, पाळन्यातला आनला का?" चाचा म्हणत, "व्हय. दात यायचेत अजून."

हाड भरल्यावर काढलेला स्क्रू पुन्हा बसवला, आणि दात लागले त्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना क्लॅरिनेट घेऊनच बोलावलं होतं. बाहेर रुग्ण ताटकळले होते. रशीदभाईंनी आधी हलकेच फुंकून पाहिलं, मग वरातीतली एक चाल पूर्ण वाजवली. दवाखान्यात आवाज मला खपत नाही. त्या दिवशी मी दार उघडंच ठेवलं.

डॉक्टरांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. दुपारी वेळेवर जेवण्याची बुद्धीही लाभो. इतक्या वर्षांत ती मला काही देता आली नाही.

या लेखासोबत समितीकडे सुपूर्द: क्लॅरिनेटचा जुना माऊथपीस, एक. वरच्या बाजूला दोन दातांच्या खुणा आहेत. दात डॉक्टरांनी बसवलेले. रशीदभाईंनी माझ्या घरी आणून दिला. सत्कारात शालीच्या आधी द्यावा.