नवरदेव पळवणारी गाडी

परळीची गाडी आता रुंद रुळांवरून जाते. जाते कसली, पळते. आमच्या गावाशी तिचं काही देणंघेणं उरलेलं नाही. जुन्या ठेसनाची कौलं कुणी नेली, फलाटावरचा लिंब कुणी तोडला, बारके रूळ उखडून कुठल्या भंगारात गेले, देव जाणे. परवा नातीनं विचारलं, "आजी, त्या जुन्या गाडीत एवढं काय होतं गं, सारखी तिचंच नाव घेतेस?" मी म्हटलं, "तुझा आजोबा होता." ती हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे.

थट्टा कसली! त्या गाडीनं माझा नवरा पळवला होता. भर लग्नाच्या दिवशी, मुंडावळ्यांसकट.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. गंगाखेडहून परळीला जाणारा रूळ आमच्या रानातून गेला तेव्हा मी परकरी पोर होते. आधी वाटलं, ही बला कशाला आली. माझ्या मायनं तर म्हशी रुळाकडं सोडायच्याच नाहीत असा हुकूम काढला होता. पण वर्षभरात त्या गाडीशिवाय आमचं पान हलेना. दुपारी परळीकडं जायची ती वरची गाडी, दिवस कलताना परत यायची ती खालची गाडी. वरची गाडी गेली की रानातली माणसं भाकरी सोडायची. खालची गाडी गेली की माय दिवाबत्तीची तयारी करायची. गाडीला उशीर झाला की सगळ्या गावाचा स्वयंपाक उशिरा. घड्याळ कुणाच्या घरात होतं!

ठेसन मास्तर हैदराबादकडचे, पानानं लाल तोंड, पोट पुढं. गावातल्या झाडून सगळ्या बाप्यांना मियाँ म्हणायचे, आमच्या भटजींनासुद्धा. भटजींनी पहिल्यांदा तोंड वाकडं केलं, मग सवय झाली. डब्यात परळीचा बागवान बोरं नाहीतर पेरू घेऊन बसलेला असायचा आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून आम्हा पोरींच्या परकरात दोन-चार जास्तीची टाकायचा. आणि परळीच्या बाजूचा, आमच्या शिवेवरच्या ओढ्याचा तो पूल! पूल नवा होता, भराव अजून बसायचा होता, म्हणून तिथं गाडीनं सावकाश जावं असा हुकूम होता. इतकी सावकाश, की गवताचा भारा घेतलेल्या बाया गाडीबरोबर चालत जायच्या, डब्यातल्या पाव्हणीला ख्यालीखुशाली विचारायच्या, ओढा संपेपर्यंत तिच्या सुनेची सगळी गाऱ्हाणी ऐकून व्हायची. आताच्या गाडीतलं माणूस बाहेर बघतं तरी का? लई माया होती माझी तिच्यावर.

तर माझं लग्न. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, मी काही नकटी नव्हते, पण विघ्नं तेवढीच आली. आधी पाटोद्याचं स्थळ ठरलं होतं. वऱ्हाड आलं, जानवशात उतरलं, आणि गूळपाणी उशिरा आलं एवढ्यावरून त्यांचे मानकरी रुसले ते रुसलेच. बैल जुंपले आणि परत. दारात मांडव तसाच. दोन सालं कुणी आमच्या दाराकडं फिरकलं नाही. दुसरं वऱ्हाड परत गेलं असतं, तर मला जन्मभर बापाच्या घरी गोवऱ्या थापत बसावं लागलं असतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. माय रोज रात्री देवापुढं बसून नारायणगडाला काय काय नवस बोलायची ते ऐकू यायचं.

मग गंगाखेडचं स्थळ आलं. चांगलं घर, चांगलं रान. मुलाला मी पाहिलं नव्हतं, त्यानं मला पाहिलं नव्हतं, तेव्हा तशी रीतच नव्हती. आणि आमच्या आबांना, म्हणजे माझ्या बापाला, एक हौस सुचली. वऱ्हाड बैलगाड्यांनी नको, आगगाडीनं आणायचं! गावात आगगाडीनं आलेलं पहिलं वऱ्हाड. वैशाखाचे दिवस, आबांना दमा, तरी हा माणूस चार दिवस उन्हात नाचत होता. फलाटावर आंब्याची तोरणं बांधली. वाजंत्री बसवली. आणि गूळपाणी? या वेळी गूळपाण्याचे हंडे सकाळपासून ठेसनावर नेऊन ठेवले होते. पाटोद्याची चूक पुन्हा व्हायची नाही म्हणजे नाही.

पाटोद्याची झाली नाही. नवीन झाली.

आमच्याकडं नवरदेव गावच्या शिवेवर आला की नवरीचा बाप पुढं जातो, त्याला पाटावर उभा करतो, पाय धुतो, कुंकू लावतो, फेटा बांधतो, आणि मगच तो शिवेच्या आत पाऊल टाकतो. सीमांतपूजन. पाय धुतल्याशिवाय नवरदेव आत आला तर अपशकुन. हे शेंबड्या पोराला ठाऊक. पण वऱ्हाड येतं बैलगाडीनं, शीव येते, बैल थांबतात, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. आगगाडीची गोष्ट निराळी. ती शीव कधी ओलांडते हे तिला कुठं माहीत! आणि ठेसन तर शिवेच्या चांगलं आत, गावाला लागून. दोन गावांतली शहाणी माणसं, दोन-दोन भटजी, महिनाभर याद्या आणि बैठका, पण एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

मी घराच्या माळवदावर होते. नवरदेवाची उष्टी हळद आदल्या दिवशी येऊन मला लागली होती, त्यामुळं घराबाहेर जायची बंदी. पण माळवदावरून ठेसन दिसायचं. वरची गाडी आली. वाजंत्री सुरू झाली. डब्याच्या दारात पांढरा सदरा, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. त्यानं एक पाय खाली सोडला, आणि मागून कुणीतरी त्याचं उपरणं धरून त्याला आत ओढलं. तो मामा. नवरदेवाचा मामा म्हणजे आधीच अर्धा हत्ती, त्यातून आगगाडीत बसून आलेला.

"थांब बे! शीव कुठं हाय?" मामा ओरडला.

माझा चुलता पुढं झाला. "शीव तर मागंच ऱ्हायली, मामा."

"मंग पाय कवा धुतले?"

पुढं काय काय बोलणं झालं ते वाजंत्रीच्या गोंधळात मला ऐकू आलं नाही, चुलत्यानं मागून सांगितलं. वाजंत्रीवाल्यांना काहीच कळलं नव्हतं, ते जोरात वाजवतच होते. आबा हात जोडत होते. उतरा, इथंच धुतो पाय. मामा म्हणाला, आत येऊन मग शीव पुजायची, ही कुठली रीत? वरातीमागून घोडं? तेवढ्यात गार्डानं शिट्टी मारली. गाडी सुटली. अख्खं वऱ्हाड, वरमाय, करवल्या, आणि मुंडावळ्या बांधलेला माझा होणारा नवरा गाडीतच. खिडकीतून मामाचा आवाज तेवढा आला, "खालच्या गाडीनं परत येतो! शिवंवर पाय धुवून घेतले तर ठीक, न्हाईतर तसेच घरी!"

गूळपाण्याचे हंडे फलाटावर तसेच. माझ्या घरात बायांनी जो गळा काढला! माय खांबाला टेकून मटकन खाली बसली. आणि मला, काय सांगू, रडू नाही आलं, संताप आला. त्या बाप्याला तोंड होतं ना? मामानं ओढला की आत, सोडला की बाहेर, हा काय पोळ्याचा बैल आहे? मी म्हटलं, "गेला तर जाऊ दे, मेला!" चुलतीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. नवरदेवाला मेला म्हणतात का गं!

आबा ठेसन मास्तरांकडं गेले. गाडी शिवेवर एवढी थांबवा. मास्तरांनी पान गालात सरकवलं. "मियाँ, ये सरकारी रेल है, तुम्हारा छकडा नै. शादी के वास्ते रोकूँ तो मेरी नौकरी जाती." आबा तसेच उभे राहिले. मास्तरांना राहवलं नाही. "मगर ओढे के पूल पे धीमी तो चलतीच. नौशे को, नवरदेव को वहींच उतार लेव. मैं कुछ नै देखा."

एवढ्या बोलण्यावर आबा आणि चुलता निघाले. पाट, कुंकवाचं ताट, नवा फेटा, पाण्याचा तांब्या. ओढा कोरडा ठणठणीत. तो उतरून ते पलीकडच्या काठाला, शिवेबाहेर, रुळाशेजारी जाऊन उभे राहिले. आणि मी? मी घरात बसणार होय? मागच्या दारानं निघाले, चुलती ओरडत माझ्यामागं. अलीकडच्या काठावर तिनं मला गाठलं आणि दंड धरला. "हळदीच्या अंगानं शीव ओलांडशील तर तंगडी मोडीन!" मी थांबले. पण मागं फिरले नाही.

खालची गाडी आली. पुलाआधी सावकाश झाली, पण रोजच्या इतकी नाही. उशीर झाला होता म्हणे. बाया भारा घेऊन चालायच्या तेवढा वेग असता तरी भागलं असतं. आबा डब्याच्या बाजूनं चालू लागले, मग पळू लागले. एका हातात तांब्या. "उतरा, मामा, उतरा! शीव अजून पुढं हाय!"

"चालत्या गाडीतून नवरदेव उतरत असतो व्हय? थांबवा गाडी!" मामा खिडकीतून.

"थांबत न्हाई वो ती! हात जोडतो!"

हात कुठले जोडतात, तांब्या होता. पाणी सांडू नये म्हणून त्यांनी तो छातीशी धरला होता, आणि तसेच पळत होते, दम्याचं माणूस. मला दिसत होतं, त्यांचा श्वास संपत आला होता. मी इकडून ओरडले, आबा, राहू द्या! मला नको हे लग्न! इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जातं. मग ते गुडघ्यावर बसले. खडीतच. तांब्या तरी सोडला नाही.

आणि दारातून त्यानं उडी टाकली.

मामानं उपरणं धरलं, ते मामाच्याच हातात राहिलं. कट्यार एकीकडं, लिंबू दुसरीकडं. मुंडावळ्या कानात अडकलेल्या. पडला, उठला, आणि पुढं नाही, मागं पळाला, आबांकडं. गाडी तशीच पुलावरून आमच्या काठाला आली, वऱ्हाड खिडक्यांतून लोंबकळत ओरडतंय, मामा उपरणं हलवतोय, आणि मागच्या डब्यातला गार्ड हिरवं निशाण पोटाशी धरून हसतोय. गाडी ठेसनाकडं गेली, नवरदेवाशिवाय वऱ्हाड आता कुठं जाणार! मी कुणाकडं बघितलं नाही. मी पलीकडं बघत होते.

त्यानं आबांना मागून धरून बसतं केलं. त्यांच्या हातातला तांब्या सोडवला आणि त्यांच्या तोंडाला लावला.

"अवो, अवो!" चुलता पाट घेऊन पळत आला. "ते पाय धुवायचं पानी हाय!"

"पाय काय तहानेनं मरत न्हाईत," हा म्हणाला, आणि उरलंसुरलं पाणी आबांच्या डोक्यावर थापलं.

थोड्या वेळानं आबांना श्वास आला. पहिली गोष्ट त्यांनी काय केली असेल, तर तांब्यात हात घालून पाहिला. कोरडा. ओढा कोरडा. घागर आणायला गावात जाऊन यायचं म्हणजे दिवस बुडणार, गोरज मुहूर्त टळणार. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेवढं एक पाणी तिथं होतं. "जावईबापू," ते म्हणाले, "पाय धुतल्याबिगर तुमाला आत कसा नेऊ? उद्या काय इपरीत झालं तर लोक माझ्या लेकीला बोल लावतील."

"मला चालंल," तो म्हणाला. मग त्यानं मान वर केली आणि ओढ्याच्या अलीकडं बघितलं. हळदीनं पिवळी झालेली एकच पोरगी तिथं उभी होती, ओळख द्यायची गरज नव्हती. "पन बोल तिला लागणार. तिला इचारा की."

चुलतीनं माझा दंड सोडला. तिलाही ते नवीन होतं. पोरीला विचारायचं? काय म्हणून? स्थळ बघताना विचारलं नव्हतं, पाटोद्याला विचारलं नव्हतं, साडीचा रंगसुद्धा कुणी विचारला नव्हता. आबा चुलत्याच्या खांद्यावर हात टाकून कसेबसे उठले. ओढ्याच्या कडेपर्यंत आले. धाप अजून लागलेलीच होती, त्यामुळं एकेक शब्द सुटा येत होता.

"बाय... असाच आणू का गं ह्याला आत? चालंल का तुला?"

ते तिघं तिकडं थांबले होते, माझ्या एका शब्दासाठी. दिवस कलत होता.

"चालंल, आबा!" मी ओरडले. "आना त्यांना!" आणि मग मात्र मला रडू फुटलं.