सुतकातला कांदा आणि माझा कोरडा डोळा

व्याह्यांच्या आईच्या समाचाराला धारेस जाताना मी डाव्या डोळ्याला कांदा चोळला. हे मी पूर्ण शुद्धीवर असताना केले. क्लोरोफॉर्म उतरून तेव्हा दोन वर्षे झाली होती.

क्लोरोफॉर्मचे सांगायचे तर, माझ्या डाव्या कानाखाली आवळ्याएवढी गाठ आली होती. इंदूरच्या एका गोऱ्या डॉक्टरने ती कापून काढली आणि मग कळवले की गाठ तोंड हलवणाऱ्या शिरेवरच बसली होती, तेव्हा तिच्याबरोबर शीरही गेली. आमच्या देवासात एका गावात दोन दरबार, थोरली पाती आणि धाकटी पाती. माझ्या तोंडाचेही तेच झाले. उजवीकडचा हुकूम डावीकडे चालेना. डावा डोळा मिटेना आणि त्यात टिपूसभर पाणी येईना. त्या बाजूचा गाल आतून असा सुके की दोन घासांमागे एक घोट घेतल्याशिवाय भाकरी हलत नसे.

डॉक्टरने उपाय सांगितले होते. डोळ्यात दिवसातून चार वेळा एरंडेलाचा थेंब, मधूनमधून ओले फडके, निजताना पापणीवर पट्टी. पण तेलकट डोळ्याने दप्तरात गेलो की शेजारचा कारकून विचारी, आज घरी काय तळले? म्हणून दिवसाचे एरंडेल मी बंद केले आणि डोळा फार खुपू लागला की बोटाने पापणी ओढून मिटू लागलो. एकदा हे वरिष्ठांच्या समोर घडले. मी त्यांना डोळा का मारला, याचा त्यांनी लेखी खुलासा मागितला. मी तो दिला. तो त्यांना पटला नाही.

इथवर नुकसान माझे एकट्याचे होते. मग मुलीचे लग्न धारेस ठरले. तोंड वाऱ्याने जरा वाकडे झाले आहे, एवढे मी सोयऱ्यांना सांगितले. गाठीचे आणि डोळ्याचे सांगितले नाही. गाठ म्हटली की लोक घराण्यात आणखी कोणाला होती ते विचारतात, आणि सोयरिक तिथेच मोडते. पाठवणीच्या वेळी माझा उजवा डोळा धो धो वाहत होता, पण वऱ्हाडाच्या गाड्या उभ्या होत्या डावीकडे. तिथून विहीणबाईंना दिसला तो एक ठणठणीत कोरडा डोळा. वाकडे तोंड समजले, डोळ्याला काय धाड भरली होती, असे त्या म्हणाल्या म्हणे. तेव्हापासून माझी पोर उठता बसता एकच ऐकत होती, की तुला घालवताना तुझ्या बापाला आनंद झाला.

वर्षाने व्याह्यांची आई गेली. मुलीने निरोप धाडला की बाबांना म्हणावे, या खेपेला तरी दोन्ही डोळ्यांनी रडा.

बैलांच्या दमणीतून दोन दिवसांचा रस्ता. बेटम्यापुढे धूळ अशी की उघड्या डोळ्याचे उखळ झाले. दुपारी गाडीवानाने झाडाखाली शिदोरी सोडली, रोटा आणि कांदा. कांदा पाहून मला युक्ती सुचली आणि मी अर्धा मागून घेतला. तो कशासाठी ते ऐकल्यावर गाडीवान चावायचा थांबला.

“रावसाब, कांदो तो रोटा का साथे खावे,” तो म्हणाला, “आंख में थोड़ी लगावे.”

कांदा खायचा असतो, डोळ्याला लावायचा नसतो, हे मला शिकवणाऱ्या त्याला मी अडाणी समजलो. धारेच्या वेशीवर तलावाकाठी उतरलो आणि कांदा चांगला रगडून लावला. पाणी ज्या डोळ्यात मुळातच नाही, तिथे ते कांद्याने तरी कुठून येणार, आणि लागलेला रस तरी कशाने धुतला जाणार, हा विचार मला नंतर सुचला. डोळ्यात निखारा पडल्यासारखे झाले. उजवा डोळा मात्र इमानाने दुप्पट वाहू लागला. तसाच विव्हळत, भिंत चाचपडत मी व्याह्यांच्या ओसरीवर चढलो.

सुरुवात उत्तम झाली. व्याह्यांनी हात धरून बसवले. आतल्या दाराशी बायका हळहळल्या, आणि माझी मुलगी वर्षात प्रथमच मान वर करून उभी दिसली. मग कोपऱ्यातली व्याह्यांची म्हातारी आत्या बोलली. तिला दिसत नव्हते, पण नाक शाबूत होते.

“सुतकाच्या घरात कांदा खाऊन कोण आलंय?”

खाल्ला म्हणावे, तर मेलेल्या माउलीचा अपमान. लावला म्हणावे, तर रडणे खोटे. मी दाराकडे पाहिले. मुलीची मान पुन्हा खाली गेली होती. तेव्हा मात्र मी सगळे सांगून टाकले. गाठ, डॉक्टर, गेलेली शीर, न रडणारा डोळा, पाठवणीच्या गाड्या कोणत्या बाजूला होत्या ते, आणि शेवटी कांदा. घराण्यात आणखी कोणालाही गाठ नाही हेही दोनदा सांगितले. ते कोणी विचारले नव्हते.

व्याही धोतराच्या सोग्यात तोंड घालून खोकू लागले. तो खोकला नव्हता. आतून विहीणबाईंनी मुलीला हुकूम सोडला की दुधाचा बोळा घेऊन बाहेर जा, शिवाशिवीचे मग पाहू, नाहीतर हा माणूस इथेच आंधळा व्हायचा. मुलगी माझा डोळा पुसत बसली. ती हसत होती की रडत होती, ते मला दोन्हीपैकी एकाही डोळ्याने दिसत नव्हते.

विहीणबाई माझ्याशी थेट बोलत नसत. त्या आत्याला उद्देशून, पण ओसरीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

“आत्याबाई, आजपासून सूनबाईला मी एक शब्द बोलायची नाही. असला बाप जिच्या नशिबी, तिला आणखी सासुरवास कशाला हवा?”