सिरिल टनिक्लिफची टाकी

सिरिल टनिक्लिफला विकतची वस्तू सहन होत नाही. त्याचं म्हणणं असं, की दुकानातली प्रत्येक वस्तू कुणीतरी सुट्टीवर जायच्या घाईत बनवलेली असते. हॅन्लीच्या बस-आगारात त्याने आयुष्यभर इंजिनं खोलली आणि जोडली. निवृत्त झाल्यावर घर विकलं आणि बायकोला, म्हणजे ग्लेनिसला घेऊन 'कर्लू' नावाच्या बोटीवर राहायला आला. आमच्या कालव्यावरच्या सगळ्या बोटींसारखीच हीसुद्धा रुंदीला सात फूट आणि लांबीला चाळीच्या व्हरांड्याएवढी. तिच्या धुराड्यावरची टोपी बसच्या दिव्याच्या वाटीची आहे. दाराला बसची घंटा आहे. एकदा वाजवली की थांबा, दोनदा वाजवली की चला. सिरिल फार बोलायला लागला की ग्लेनिस दोनदा वाजवते.

माझी बोट त्यांच्या मागेच बांधलेली असते, त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. काही नाकानेही.

बोटीवर राहणाऱ्या माणसांना दोन विषयांचा संकोच नसतो, हवामान आणि संडास. दिवाणखान्यातली माणसं मुलांच्या शाळेबद्दल बोलतात, तशी आम्ही संडासाबद्दल बोलतो. बहुतेकांकडे असते ती पेटी. संडासाच्या पोटात बसवलेली, सुटकेसएवढी. भरली की बाहेर ओढायची, हातगाडीवर ठेवायची आणि लॉकच्या, म्हणजे बोटी वरखाली करायच्या पाण्याच्या दरवाजांच्या, पलीकडे मोरी आहे तिथे नाक धरून रिती करायची. काही श्रीमंतांकडे मोठी टाकी असते. कोळशाची बोट येते तेव्हा ती नळी लावून टाकी उपसून नेते. टनिक्लिफांकडे पेटी होती, आणि ती ग्लेनिस न्यायची. तो इंजिन बघायचा, ती पेटी बघायची. हे कधी ठरलं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

ऑक्टोबरात ग्लेनिसच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मुलगी लॉरेन न्यायला आली. तिच्याकडे तळमजल्यावर एक खोली रिकामी होती.

"आई, हिवाळाभर तरी ये. या पत्र्याच्या डब्यात तू काठी टेकत फिरणार कुठे?"

ग्लेनिस म्हणाली, "मला इथेच राहायचंय. पण ती पेटी आता माझ्याच्याने वाहवणार नाही. नाताळापर्यंत तिची काही सोय झाली तर मी राहते. नाही तर येते तुझ्याकडे."

हिवाळाभरासाठी म्हणून गेलेली ग्लेनिस वसंतात परत यायची नाही, हे आम्हां सगळ्यांना दिसत होतं. लॉरेनने त्या दोघांसाठी आपल्याच गल्लीत एक बैठं घर हेरूनही ठेवलं होतं. सिरिलला बैठ्या घराचा विचार आला तरी शिंका येतात.

"सोय?" तो म्हणाला आणि त्याचे डोळे चमकले. "अगं बदके, सोय करतो की!"

आमच्या स्टॅफर्डशरात मायेने सगळ्यांनाच बदक म्हणतात, बायकोला, शेजाऱ्याला, पोस्टमनलाही. पण सिरिल ज्या सुरात ते म्हणाला, तो सूर मला ठाऊक होता. याच सुरात तो एकदा कपडे धुवायचं यंत्र बनवायला बसला होता. त्या वेळी माझी बोट विसळून निघाली होती.

दुसऱ्या दिवसापासून 'कर्लू'त हातोडी, करवत आणि शिव्या सुरू झाल्या. त्याने कुठल्याशा भंगारवाल्याकडून पाण्याची जुनी टाकी पैदा केली आणि डाव्या अंगाला पलंगाखाली बसवली, कारण संडास डाव्या अंगालाच होता. टाकी आणि संडास यांच्या मध्ये मैला दळायचं यंत्र. त्याला त्याने बसच्या वायपरची मोटर लावली. वायपर पावसात जितक्या निवांतपणे चालतो, तितक्याच निवांतपणे ते दळायचं. मध्येच थांबायचं, जणू पुढे जावं की नाही याचा विचार करतंय. टाकीतली हवा बाहेर सोडायला नळी काढली, ती बरोबर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून. मी बोललो तर म्हणाला, "वारा बदलला की तुला काही जाणवणार नाही." वारा हिवाळाभर बदलला नाही.

आणि हे सगळं चालू असताना पेटी कोण नेत होतं? मी.

"सिरिल, तोवर तूच नेत जा ना," मी एकदा म्हटलं.

"मी कायमचा इलाज करतोय," तो पलंगाखालून म्हणाला. "तात्पुरत्या गोष्टींत वेळ घालवला तर कायमची कधी होणार?"

नाताळाच्या आत यंत्र चालू झालं. ग्लेनिसने पहिल्यांदा कळ दाबली, मोटरने थोडा विचार केला, घरघरली, आणि सगळं टाकीत गेलं. सिरिलच्या डोळ्यांत पाणी आलं. ग्लेनिसने लॉरेनला फोन करून सांगितलं की नाताळाला जेवायला येते, राहायला नाही.

एकच गोष्ट राहिली होती. बोट ही तराजूसारखी असते. एका अंगाला वजन वाढलं की ती तिकडे कलते. हे सिरिलला ठाऊक होतं, म्हणून त्याने हिशेबाने उजव्या भिंतीला कोळशाची पोती रचली होती. टाकी डावीकडे, कोळसा उजवीकडे, बोट सपाट. त्याने पाणसळ ठेवून मला दाखवली. पाण्यातला बुडबुडा बरोबर मध्यभागी.

"काय म्हणतोस?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "छान." हिवाळ्यात शेगडी दिवसरात्र पेटती असते आणि कोळसा जळून जातो, हे त्या क्षणी ना त्याच्या डोक्यात आलं, ना माझ्या. टाकी रोज जड होत होती आणि समोरची पोती रोज हलकी.

जानेवारीत कालव्यावर बर्फ धरला. कोळशाची बोट खालच्या लॉकपाशी अडकली. आणि सिरिलचा स्वभाव बदलला.

आधी त्याने ग्लेनिसची खुर्ची उजव्या खिडकीपाशी नेली. म्हणाला, विणायला उजेड चांगला. मग टीव्ही तिच्या शेजारी आला. मग शिलाईचं मशीन. मग तो तिला उठूच देईना. चहा तो करायचा. ओटच्या पोळ्या तव्यावर गरम करून, आत चीज घालून, तो खुर्चीत आणून द्यायचा. ती काठीकडे हात न्यायची तोच, "बस तू, बस. गुडघ्याला जप."

ग्लेनिस विरघळली. माझ्याकडे म्हणाली, "इतक्या वर्षांत त्याने मला चहा दिला नव्हता रे बदका. गुडघा कापला ते बरंच झालं." लॉरेनलाही फोनवर हेच. "तुझे बाबा बदलले गं."

मलाही रोज चहाला बोलावणं यायला लागलं. सिरिल मला नेहमी उजव्या बाकावर बसवायचा. निघालो तर म्हणायचा, "आणखी एक घे. घाई काय आहे?" मी एरवी त्याच्याकडे महिन्यातून एकदा जायचो. मला वाटलं, म्हातारपणी माणसाला माणूस लागतं.

शेवटी बर्फ सुटला आणि बर्नार्डची कोळशाची बोट धूर सोडत आली. आम्ही तिघंही आत चहा पीत होतो. सिरिल धावत बाहेर गेला. त्याने पोती घेतली, स्वतः खांद्यावर आणली आणि उजव्या भिंतीला धडाधड रचली. मग भिंतीवरच्या पाणसळीकडे बघून मोठा सुस्कारा टाकला.

"आलं एकदाचं," तो म्हणाला. "ऊठ हवं तर आता, ग्लेनिस. पोती आली."

मी कपातल्या चहाकडे पाहिलं. माझ्याही डोक्यात तेव्हाच प्रकाश पडत होता.

"म्हणजे?" ग्लेनिस म्हणाली.

"म्हणजे... आता फिरलीस तरी चालेल."

"म्हणजे आजवर मी पोतं होते?"

"तसं नाही गं. तू इथे बसलीस की बुडबुडा..."

"चहासुद्धा बुडबुड्यासाठीच?"

सिरिल खोटं बोलत नाही. हा त्याचा सर्वांत मोठा दोष आहे. "चहा तू उठू नयेस म्हणून," तो म्हणाला.

ग्लेनिसने काठी घेतली आणि घंटा दोनदा वाजवली. सिरिल बाहेर गेला. त्याच्या मागोमाग मीही.

बाहेर बर्नार्ड टाकी उपसायची नळी घेऊन छतावर उभा होता. "सिरिल, हे काय लावलंयस?" त्याने विचारलं.

टाकीचं तोंड सिरिलने बसच्या रेडिएटरच्या झाकणाचं केलं होतं. कालव्यावरच्या प्रत्येक बोटीला चालणारी नळी या एकाच बोटीला बसेना. बर्नार्डने फडकं गुंडाळून पाहिलं, गुडघ्याने दाबून पाहिलं. मग नळी गुंडाळली.

"बस घेऊन आगारात जा," तो म्हणाला आणि निघून गेला.

टाकी काठोकाठ. आत ग्लेनिस लॉरेनशी फोनवर बोलत होती. "दुपारी ये. गाडी घेऊन."

सिरिल पायवाटेवर नुसता उभा राहिला. मग तो आत गेला, कुठून तरी हातपंप आणि ती जुनी पेटी काढून आला. टाकीतून पंपाने पेटी भरायची, हातगाडीवर घालायची, लॉक ओलांडून मोरीत रिती करायची, परत यायचं. पंप गळत होता. हातगाडीचं चाक चिखलात रुतत होतं. वासाचं काय सांगू! समोरच्या काठावरचे दोन मासेमार गळ न काढताच उठून गेले.

लॉरेन आली तेव्हा ग्लेनिस कोट घालून, बॅग घेऊन काठावर बाकावर बसली होती.

"बाबा काय करतायत?"

"बघ तूच."

सिरिल हातगाडी ढकलत आला. दोघींकडे न बघता त्याने पेटी पुन्हा भरली आणि गेला. पुन्हा आला. पुन्हा गेला. लॉरेनने गाडीचं दार दोनदा उघडलं आणि दोनदा लावलं. पुढच्या खेपेला तो धापा टाकत बाकापाशी थांबला. कोपरापर्यंत माखलेला.

"झालीच आहे," तो म्हणाला. "मग तोंड बदलतो. आणि दुसरी टाकी उजवीकडे बसवतो. दोन्ही सारख्या भरल्या की..."

"सिरिल," ग्लेनिस म्हणाली. "तू आत्ता काय करतोयस?"

"टाकी रिकामी."

"पेटी वाहतोयस. ऑक्टोबरात मी काय म्हणाले होते? मला ती वाहवत नाही, एवढंच. तुला वाहवत नाही असं मी म्हटलं होतं का?"

सिरिल तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जो भाव आला, तो मी एकदाच पाहिला आहे. इंजिन पूर्ण खोलल्यावर टाकीत डिझेलच नव्हतं हे कळलं, तेव्हा.

"एवढंच होतं?"

"एवढंच."

"मग बोलायचं तरी!"

"मला वाटलं, कळेल."

लॉरेन म्हणाली, "आई, चल. दोन दिवसांत यांचं पुन्हा काहीतरी निघेल."

"निघेलच," ग्लेनिस म्हणाली. मग सिरिलला म्हणाली, "ती टाकी आजच्या आज कापून काढ. ती मोटरही. आणि पेटी तू न्यायची, रोज. एक दिवस चुकलास तर मी लॉरेनला फोन करीन आणि त्या वेळी बॅग परत उघडणार नाही."

"आणि मी मोटरचा जरासा उपयोग..."

"नाही."

लॉरेन चहा न घेताच गेली. कोणता कप कशाला वापरला असेल याचा तिला भरवसा नसावा.

आता फेब्रुवारी आहे. सिरिल रोज सकाळी पेटी घेऊन माझ्या खिडकीवरून जातो. कुणाकडे बघत नाही. त्याच्या खिशात मापं घ्यायचा टेप असतो, पण तो बाहेर काढत नाही. काल पाऊस होता, चाक चिखलात अडकलं, मी हात द्यायला उतरलो.

"कसं चाललंय?" मी विचारलं.

"काही बिघडत नाही, काही जोडायचं नाही," तो चाक उपसत म्हणाला. "नुसतं न्यायचं आणि ओतायचं. शेंबड्या पोरालाही जमेल इतकं साधं काम आहे, बदका. त्याचाच तर संताप येतो!"