शेवटच्या षटकांची गोलंदाज

शुक्रवारी सकाळी मस्कतच्या वादी कबीर भागातली गॅरेजं बंद असत. त्यांच्या मागच्या खडीच्या मोकळ्या जागेत आम्ही दहा-बारा बायका टेनिस बॉलने क्रिकेट खेळायचो. नर्सेस होत्या, शिक्षिका होत्या, एक श्रीलंकेची ब्युटिशियन होती. मी इंजिनिअर, एका कन्सल्टन्सीत ड्रॉइंग तपासायचे. कॉलेजात असताना विद्यापीठाकडून खेळले होते, लग्नानंतर सुटलं ते सुटलंच. ऑइलचं रिकामं पिंप हा आमचा स्टंप.

एका शुक्रवारी मी बॅटिंग करत होते. कचऱ्याची पिशवी टाकायला एक युगांडाची मुलगी खाली आली आणि बघत उभी राहिली. आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावरच्या मराठी कुटुंबात ती कामाला होती. तिने इंग्रजीत विचारलं, "मी एक टाकू?"

आठ पावलं धावत येऊन तिने बॉल टाकला. मी बॅट खाली आणेपर्यंत पिंप वाजलं होतं. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे पिंपाच्या बुंध्यात. मी बॅट टाकून हसत सुटले आणि विचारलं, "कोण आहेस तू?"

ती म्हणाली, "मी माझ्या देशाकडून खेळलेय."

आफ्रिकी देशांच्या महिलांची स्पर्धा भरते, त्यात ती दोनदा खेळली होती. शेवटची षटकं तिच्याकडे असत. मॅच जिंकली तरी घरी चूल पेटत नाही, म्हणून एजंटाच्या ओळखीने मस्कतला आली होती. आम्हाला हे काहीच माहीत नव्हतं. त्या देशांच्या बायका क्रिकेट खेळतात, हेही आमच्यातल्या निम्म्या जणींना तिनेच सांगितलं.

ती ज्यांच्याकडे होती त्या गृहस्थांना सगळे 'सर' म्हणत. ते आमच्या मंडळाचे अध्यक्ष. एप्रिलमधल्या जयंतीला त्यांचं भाषण व्हायचं. समता, स्त्रीचं स्वातंत्र्य, कुणीही कुणाचा गुलाम नाही, असं बोलायचे आणि लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही आलेलं आहे. माझा नवरा त्यांच्याच कंपनीत, त्यांच्या हाताखाली. त्याला मस्कतला आणलं त्यांनीच. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिचं सगळं ही मुलगी करायची. आजींना तिचं इंग्रजी कळत नव्हतं आणि तिला आजींचं वऱ्हाडी, तरी दोघी दिवसभर बोलत असायच्या.

चार-पाच महिने ती आमच्याबरोबर खेळली. मग एका शुक्रवारी ती बॉल टाकायच्या आधीच फोन घेऊन माझ्याकडे आली. त्या काळी ओमानमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर कॉल लागत नसे, सगळं व्हॉइस मेसेजवर चालायचं. तिच्या जुन्या कोचचा मेसेज होता. स्पर्धा जवळ आली होती, सराव शिबिर लागलं होतं. तीन आठवड्यांत पोच, तिकीट आम्ही पाठवतो, तुझी जागा ठेवलीय. तो मेसेज तिने मला तीनदा ऐकवला.

"सरांना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणाले, बघू, इन्शाल्ला. पासपोर्ट त्यांच्या कपाटात आहे."

इथे मी काय केलं ते सांगायला हवं, कारण सगळा राग दुसऱ्यांवर काढून मोकळं होणं सोपं आहे. मी काही केलं नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "त्यांच्या घरातलं आहे ते. आपण कशाला पडायचं त्यात? आणि मला रोज त्यांच्यासमोर बसायचंय." मी गप्प बसले. सर समजूतदार आहेत, देतील, अशी स्वतःची समजूत घातली. जिन्यात ते भेटले की मी नमस्कार करत होते. दोन आठवडे.

तिसऱ्या आठवड्यात ती खेळायला आलीच नाही, तेव्हा मी वर गेले. सर सोफ्यावर पेपर वाचत होते. मला बसायला सांगितलं, बायकोला चहा टाकायला सांगितला.

मी म्हटलं, "सर, तिला जाऊ द्या ना. महिन्याभराचा प्रश्न आहे. आजींचं आम्ही बायका आळीपाळीने बघू."

"अहो, तुम्ही भोळ्या आहात. एकदा गेली की परत येत नाहीत या."

"नाही आली तर नाही आली. पासपोर्ट तिचा आहे."

ते हसले. "मॅडम, माझा व्हिसा आहे, माझी जबाबदारी आहे. आणि क्रिकेट म्हणजे काय, आपल्या विराटसारखं थोडंच आहे ते? चार देशांच्या बायका जमून खेळतात."

चहा तसाच ठेवून मी उठले. दारात ती उभी होती. सगळं ऐकलं असावं तिने. ती माझ्याकडे न बघता आजींच्या खोलीत गेली.

शिबिराची मुदत संपली. स्पर्धा सुरू झाली. त्या शुक्रवारी ती खाली आली, आम्ही सगळ्या तिच्या फोनभोवती जमलो आणि स्कोअर वाचत राहिलो. तिच्या देशाची मॅच शेवटच्या षटकापर्यंत गेली आणि हातातून गेली. तिच्या जागी घेतलेल्या मुलीने त्या षटकात दोन फुलटॉस टाकले होते, ते दोन्ही सीमेपार गेले.

"ती ओव्हर माझी होती," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो झटकला.

"तुला पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी. तू वर कधी गेलीस? तू घाबरलीस. तुझ्या नवऱ्याच्या नोकरीसाठी घाबरलीस."

बाकीच्या बायका खडीकडे बघत राहिल्या.

तिथून ती सरळ वर गेली, मीही मागोमाग गेले. या वेळी बोलली ती. "माझा पासपोर्ट द्या. मी काम सोडतेय." सर उठून ओरडायला लागले, एजंटाचं नाव घ्यायला लागले, पोलिसांचं नाव घ्यायला लागले. मीही ओरडले. "बोलवा पोलीस! पासपोर्ट कपाटात कुणी ठेवला ते आपण त्यांनाच सांगू!" आयुष्यात मी कुणाच्या घरात शिरून अशी ओरडले नव्हते. आतल्या खोलीतून आजींचा आवाज आला. बारीकच, पण सगळे थांबले.

"अरे, तिची वस्तू तिले देऊन टाक. काय बोलू राह्यली ते मले समजत नाही, पण ती रडू राह्यली ते समजते. नाही देत तं मले नागपूरले धाड. मी नाही राहत इथं."

सरांनी कपाट उघडलं. पासपोर्ट हातात दिला नाही, टीपॉयवर टाकला. तिने तो उचलला, आजींच्या पाया पडली. ते आमच्याकडचं तिने कधी शिकून घेतलं होतं कोण जाणे. चार दिवसांनी ती गेली. विमानतळावर मी तिला सोडायला गेले. "सॉरी," मी म्हटलं. "हो," एवढंच ती म्हणाली.

नवऱ्याची बढती त्या वर्षी अडली. तो महिनाभर माझ्याशी तुटक वागला, मीही वागले. पुढच्या जयंतीला आम्हाला निरोप आला नाही, तरी मी एकटी गेले आणि मागच्या रांगेत बसले. सर माईकवर आले. "स्त्रीला माणूस म्हणून..." त्यांनी सुरुवात केली आणि मी उभी राहिले.

"सर, त्या मुलीचा पासपोर्ट तुमच्या कपाटात किती दिवस होता?"

कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे ठिकाण नाही." मी विचारलं, "मग कुठलं आहे? सांगा, मी तिथे येते." एका कार्यकर्त्याने घाईघाईने स्पीकरवर गाणं लावलं. मी निघाले तेव्हा दोन बायका माझ्यामागून बाहेर आल्या. दोघींच्याही घरी कामाला बाई होती. त्यातल्या एकीने हळूच सांगितलं, की ती आज घरी जाऊन पासपोर्ट देऊन टाकणार आहे. दुसरी पर्समध्ये गाडीची किल्ली शोधत राहिली.

युगांडाच्या संघात तिला पुन्हा घेतलं नाही. दोन फुलटॉस टाकणारी मुलगी पुढे चांगली तयार झाली, हे तिनेच मला कळवलं. ती आता कंपालाजवळ एका शाळेत मुलींना बॉलिंग शिकवते. अधूनमधून व्हिडिओ पाठवते. मुली धावत येतात, बॉल टाकतात, ती मागून काहीतरी ओरडते. लोक म्हणतात, बघ, झालं ना चांगलं शेवटी. चांगलं झालं ते तिने केलं. आम्ही तिची एक स्पर्धा खाल्ली, आणि त्यातले दोन आठवडे माझे होते.